छोट्या गेजची जुनी इंजिनं पुन्हा पेटवायची का? आधी रूळ बघा

ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी छोटी गाडी मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे थांबली, ती पुन्हा निघालीच नाही. त्या दिशेला आता टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज होतेय. कुर्डुवाडीहून लातूर, पंढरपूर आणि मिरजेला जाणारी बार्शी लाइट त्याच्या आधीच मोठ्या रुळांवर गेली. डभोईला ब्रॉडगेजच्या गाड्या लागतात. मूर्तिजापूरची शकुंतला बंद आहे, पाचोरा-जामनेरही बंद. एका पिढीच्या डोळ्यांसमोर ही सगळी छोटी रेल्वे गेली.

गाडी गेली की काही वर्षांनी गावात एक मागणी हमखास येते. स्टेशनासमोरच्या चौथऱ्यावर किंवा जुन्या शेडमध्ये उभं असलेलं वाफेचं इंजिन पुन्हा सुरू करा, पर्यटन वाढेल. निवेदन जातं, फोटो छापून येतो, इंजिनाला काळा-लाल रंग बसतो आणि विषय तिथेच थांबतो. मागणी चुकीची नाही. पण ती इंजिनापासून सुरू होते आणि खरी अडचण इंजिनाच्या खाली असते. रूळ नसतील तर चालू इंजिनाचं करायचं काय?

ही गोष्ट आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच घडून गेली आहे, तीही बडोदा संस्थानात.

इंजिन आलं, तरी गाडी बैलांनीच ओढली

खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अशी छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. भारतातली ही पहिली नॅरोगेज. ती ओढायला बैल होते. पुढच्याच वर्षी विलायतेतल्या नीलसन कंपनीची इंजिनं आली, पण रूळ पडले फार हलके. एका यार्डाला १३ पौंड, म्हणजे मीटरला साडेसहा किलोसुद्धा नाही. आज मोठ्या लाइनवर जो रूळ टाकतात तो मीटरला ६० किलोचा असतो, यावरून अंदाज यावा. त्या काडीसारख्या रुळांवर इंजिन नेहमी चालवणं शक्यच नव्हतं. शेवटी जाड रूळ टाकले आणि १८७३ पासून इंजिनं नियमित धावू लागली. दहा वर्षं इंजिन होतं, वाफ होती, पण खाली रूळ नव्हता म्हणून काम बैलांनी केलं.

पुढे सयाजीराव महाराजांनी हे जाळं इतकं वाढवलं की डभोई हे नॅरोगेजचं फार मोठं जंक्शन झालं. बडोद्यात प्रतापनगरला रेल्वेचा कारखाना उभा राहिला. पण १८६३ चा धडा आजही तसाच लागू आहे. जुनी इंजिनं वाचवायची चर्चा करताना तो सोयीस्करपणे विसरला जातो.

'नॅरोगेज' हा एक गेज नाही

बोलताना आपण सगळ्याच छोट्या गाड्यांना नॅरोगेज म्हणतो. प्रत्यक्षात आपल्याकडे दोन रुंद्या होत्या. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर, आणि दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर. बडोदा, बार्शी, शकुंतला, नागपूर-जबलपूरकडची सातपुड्याची लाइन आणि कालका-सिमला ही अडीच फुटी. ग्वाल्हेर, माथेरान आणि दार्जिलिंग दोन फुटी. मोठी लाइन १,६७६ मिलिमीटरची असते.

हा फरक कागदावर सहा इंचांचा आहे, पण त्यावर सगळा हिशोब फिरतो. बार्शीचं इंजिन दुरुस्त केलं तरी ते माथेरानला चालणार नाही. ग्वाल्हेर आणि माथेरान यांची रुंदी एकच, म्हणून ग्वाल्हेरचं इंजिन माथेरानला न्या असं कुणी सुचवेल, तर तेही जमणार नाही. माथेरानचा घाट २० फुटांना १ फूट चढतो आणि वळणं इतकी कडक आहेत की त्या लाइनसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून खास इंजिनं करवून घेतली होती. त्यांची टोकाची चाकं वळणाबरोबर बाजूला सरकायची. सपाट चंबळ खोऱ्यासाठी केलेलं इंजिन त्या वळणांना चिकटणार नाही. छोट्या गाड्यांचं हे असं आहे. प्रत्येक लाइन आपापल्या संस्थानिकाने किंवा कंपनीने आपापल्या गरजेप्रमाणे बांधली, त्यामुळे एकीचं दुसरीला लागत नाही.

गेज जुळणं किती मोलाचं असतं, याचं एक चांगलं उदाहरण वेल्समधलं आहे. तिथली टॅलिलिन ही पाटीचा दगड वाहणारी छोटी रेल्वे १९५१ मध्ये हौशी लोकांनी चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच झालं. लाइनची दोन जुनी इंजिनं होती. त्यातलं डॉल्गोक नावाचं एकच कसंबसं चालण्याजोगं होतं. त्यांचा गेज होता सव्वादोन फुटी, अगदीच दुर्मीळ. नशीब असं की जवळच्याच कॉरिस नावाच्या बंद पडलेल्या लाइनचा गेजही तोच निघाला आणि तिची दोन इंजिनं विकत मिळाली. ती मिळाली नसती तर पुढे काय झालं असतं सांगता येत नाही. आणि हेही लक्षात घ्या की त्या मंडळींची सुरुवातीची वर्षं गंजलेले रूळ आणि कुजलेले स्लीपर बदलण्यातच गेली.

'सुरू करणं' म्हणजे नेमकं काय

इंजिन 'रिस्टोअर' केलं असं बातमीत येतं तेव्हा त्याचे किमान तीन अर्थ असू शकतात. पहिला, रंगरंगोटी. दुसरा, गंज काढून, गेलेले भाग बसवून, इंजिन पूर्वी जसं दिसायचं तसं करणं. ते चालत नाही, पण नीट जपलेलं असतं. तिसरा, पुन्हा वाफेवर चालवणं. पहिल्या आणि तिसऱ्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

वाफेच्या इंजिनाचा जीव बॉयलरमध्ये असतो. लांबट पिंप, त्याच्या एका टोकाला आगीची पेटी म्हणजे फायरबॉक्स, आणि फायरबॉक्सपासून समोरच्या चिमणीपर्यंत पिंपाच्या आतून गेलेल्या अनेक नळ्या. आगीचा गरम धूर नळ्यांतून जातो, नळ्यांभोवती पाणी असतं, त्याची वाफ होते. छोट्या इंजिनातही हा दाब दर चौरस इंचाला दीडशे पौंडांच्या आसपास असतो. तुमच्या मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा असते. एवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांना नाही, १८५ अंशांच्या आसपास उकळतं. पत्रा कुठे फाटला आणि दाब एकदम उतरला की या पाण्यातलं बरंचसं क्षणात वाफ होऊन फुगतं. एक लीटर पाण्याची साध्या दाबाला सोळाशे लीटरहून जास्त वाफ होते. बॉयलर फुटतो तो असा. म्हणून बॉयलरच्या बाबतीत 'चालवून बघू' हा प्रकार नसतो.

चाळीस वर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या बॉयलरचं काय झालेलं असतं? चिमणी उघडी असते, तिच्यातून पावसाचं पाणी आत जातं आणि समोरच्या धुराच्या पेटीच्या तळाशी साचतं. तिथे राख असते. राख आणि पाणी एकत्र आलं की पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी रंग लागतो, त्यामुळे ते दिसत नाही. नळ्या जातात. फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतींना धरून ठेवणारे शेकडो खिळेवजा दांडे असतात, त्यांना स्टे म्हणतात. तेही झिजतात, तुटतात. बॉयलरवरच्या आच्छादनाखाली जुन्या काळी बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस भरलेलं असायचं, ते काढणं हे स्वतंत्र आणि जपून करायचं काम. पितळी कॉक, गेज, तांब्याचे पाइप बहुतेक वेळा आधीच गेलेले असतात. कुठे गेले ते विचारू नये.

तपासणीचा मार्ग ठरलेला आहे. नळ्या काढायच्या, आतून साफ करायचं, पत्र्याची जाडी जागोजागी मोजायची, गेलेलं बदलायचं. मग बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब द्यायचा. पाणी दाबलं जात नाही, म्हणून गळती झाली तर नुसतं पाणी येतं, स्फोट होत नाही. ही परीक्षा पास झाली तरच आग. इंग्लंडमधल्या जुन्या रेल्वेंवर साधारण दर १० वर्षांनी इंजिन पूर्ण उघडून बॉयलरची मोठी दुरुस्ती करतात. म्हणजे 'एकदा खर्च केला की झालं' असं हे प्रकरण नाही. आज देणगी गोळा करून इंजिन चालू केलं, तर दहा वर्षांनी तेवढीच गोळा करायची तयारी आजच हवी.

बॉयलरनंतर बाकीचं येतं. चाकांचे टायर, ॲक्सलचे बेअरिंग, सिलिंडर, वाफ आत-बाहेर सोडणारे वॉल्व्ह. हे तुलनेने सरळ. चांगला लेथ आणि चांगला फिटर असेल तर होतं. छोट्या इंजिनाचा खरा फायदा इथे आहे. त्याचं चाक दोघा-चौघांना हलवता येतं, बॉयलर साध्या क्रेनने उचलता येतो आणि अख्खं इंजिन ट्रेलरवर चढवून दुसऱ्या गावाला नेता येतं. मोठ्या लाइनच्या इंजिनाला हे सगळं अनेकपट जड जातं.

दुरुस्तीत जुनं किती उरतं?

एक आक्षेप जाणकार लोक घेतात आणि तो घेण्यासारखा आहे. इंजिन चालवायचं म्हटलं की जुने भाग काढून नवे घालावे लागतात. तांब्याच्या फायरबॉक्सच्या जागी पोलादी येतो, रिव्हेटच्या जागी वेल्डिंग येतं, कोळशाच्या जागी तेल येतं. शेवटी जे धावतं ते शंभर वर्षांपूर्वीचं इंजिन, की त्याच्या नावाची पाटी लावलेलं नवं? युरोपातल्या जुन्या रेल्वे चालवणाऱ्या संस्थांनी २००५ मध्ये रीगा सनद म्हणून एक मार्गदर्शक मसुदा स्वीकारला. त्याचा भर या गोष्टीवर आहे की शक्यतो जुन्या पद्धतीने आणि जुन्याच साहित्याने काम करा, जे बदलाल त्याची नोंद ठेवा आणि बदल असा करा की पुढे कुणाला मूळ रूपाकडे जाता येईल.

माझं मत विचाराल तर, हे इंजिनागणिक ठरवावं. दार्जिलिंगची बी वर्गाची इंजिनं १८८९ पासून बनत आली. त्यांचे भाग तिंधरियाच्या कारखान्यात एकमेकांत इतके बदलले गेलेत की कुठला भाग मूळ कुठल्या इंजिनाचा हे सांगणं अवघड व्हावं. ती चालतच आली, दुरुस्त होतच आली. तोच त्यांचा इतिहास. तिथे नवा बॉयलर घातला तर काही बिघडत नाही. पण एखाद्या वर्गातलं एकच इंजिन जगात उरलं असेल, आणि शेवटच्या दिवशी शेडमध्ये लावलं तेव्हा होते ते सगळे भाग त्यावर अजून असतील, तर त्याला हात लावू नये. ते दस्तऐवजासारखं छपराखाली ठेवावं. चालवायला दुसरं शोधावं, नाहीतर नवं करावं.

नवं करता येतं, ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीच्या गाडीसाठी जुन्या नमुन्यावरून नवी वाफेची इंजिनं केली आहेत, आधी तेलावर चालणारी आणि नंतर कोळशावरची. ती लाइन मीटरगेज आहे, पण मुद्दा तोच. आपल्याच रेल्वेच्या कारखान्यात हे ज्ञान आजही आहे. ग्वाल्हेर किंवा बडोद्याचं निवेदन लिहिताना हे माहीत असलं पाहिजे, नाहीतर 'आता असे कारागीर कुठे' एवढ्या उत्तरावर निवेदन परत येतं.

बार्शीची इंजिनं, विलायतेतली पायवाट

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तेव्हाचं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शी. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, आणि १९२७ मध्ये मिरज. बेळगाव, चिकोडी, अथणीकडच्या जुन्या वारकऱ्यांना ही गाडी सांगायला नको. मिरजेला मीटरगेजवरून उतरून सांगोल्यामार्गे पंढरपूर.

तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचं सूत्र असं होतं की प्रत्येक ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, इंजिन असो की डबा. वजन सारखं वाटलं की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. डभोईला जे जमलं नव्हतं त्याचं उत्तर त्याने गणिताने काढलं. लीड्सच्या किटसन कंपनीने केलेली बार्शीची पहिली इंजिनं बुटकी दिसत, पण वजन पेलायला चाकं भरपूर. नंतर याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन १९०४ मध्ये उभी केली, बार्शीच्याच अडीच फुटी गेजवर, किटसनचीच इंजिनं घेऊन. म्हणजे विलायतेतली ती लाइन बार्शीची धाकटी बहीण. ती १९३४ मध्ये बंद पडली, इंजिनं भंगारात गेली आणि आज तिच्या जागी फिरायला जाण्याची वाट आहे.

थोड्या फरकाने अशीच गोष्ट लिंटन अँड बार्नस्टेपल या दोन फुटी लाइनची. ती १९३५ मध्ये बंद झाली, रूळ उखडले. त्या लाइनच्या इंजिनासारखं हुबेहूब नवं इंजिन हौशी लोकांनी २०१० मध्ये तयार केलं. सुंदर झालं. पण मूळ लाइन तीसेक किलोमीटरची होती आणि पुन्हा घातलेला तुकडा जेमतेम दीड किलोमीटरचा. जमीन शेतकऱ्यांकडे, घरांकडे गेलेली. एकेक तुकडा परत विकत घेत बसावं लागतं. इंजिन करणं जमलं, रुळाची जमीन परत मिळवणं अजून चालूच आहे.

बार्शीची आज तीच अवस्था आहे. मोठी लाइन झाली ती गरजेचीच होती, लातूर आणि पंढरपूरला थेट गाड्या आल्या, त्याबद्दल कुणी रडू नये. पण अडीच फुटी रूळ आता त्या मुलुखात उरला नाही. म्हणून बार्शी लाइटचं एखादं इंजिन वाफेवर आणा, या मागणीला माझा पाठिंबा नाही. ते छपराखाली यावं, त्याची मोजमापं आणि कारखान्याचे नकाशे जपले जावेत. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं स्वतंत्र संग्रहालय आहे. कुर्डुवाडीला, जिथे या लाइनचा कारखाना होता, तसं काही का नसावं?

जिथे रूळ आहे तिथे

वलसाडच्या अलीकडे बिलिमोऱ्याहून डांगच्या तोंडाशी वघईपर्यंत ६३ किलोमीटरची अडीच फुटी लाइन अजून धावते आहे. गायकवाडांनी ती डांगच्या जंगलातलं लाकूड आणायला घातली. तोट्याची म्हणून बंद करायच्या यादीत गेली होती, लोकांनी आरडाओरडा केला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, डिझेलवर. बडोदा संस्थानाचं एखादं छोटं इंजिन वाफेवर आणायचंच असेल तर त्याची जागा बडोद्यातलं उद्यान नव्हे, ही लाइन आहे. रूळ आहे, स्टेशनं आहेत, माणसं आहेत.

अडचणी आहेतच. पूर्ण ६३ किलोमीटर वाफेवर चालवायचा अट्टहास नको. बिलिमोऱ्याकडचा दहा-पंधरा किलोमीटरचा सपाट तुकडा पुरे. कालका-सिमल्यावर शंभर वर्षांहून जुनं केसी ५२० नावाचं इंजिन असंच चालतं. रोज नाही, कुणी आधी गाडी ठरवली तर, आणि तेही सिमला ते कैथलीघाट या सुमारे २२ किलोमीटरच्या टप्प्यावर. दुसरं म्हणजे ठिणग्या. चिमणीतून उडणारा जळता कोळसा उन्हाळ्यात डांगसारख्या कोरड्या जंगलाला आग लावू शकतो. चिमणीत जाळी बसवावी लागेल आणि मार्च ते मे इंजिन बंद ठेवावं लागेल. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत आणि हिवाळ्यात चालवलं तर बरं. तेव्हाच तिकडे फिरायला लोकही जातात.

माथेरानची गोष्ट वेगळी आहे. आदमजी पीरभॉय यांनी उभी केलेली ही लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक, ७४० क्रमांकाचं, थेट इंग्लंडला गेलं. या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगचं एक बी वर्गाचं इंजिन नेरळला आणून तेलावर चालवण्याचा प्रयोगही झाला. तिथे मात्र दरवर्षीचा पाऊसच रुळाची परीक्षा घेतो. २०१९ च्या पावसात लाइन इतकी वाहून गेली की नेरळ ते माथेरान पूर्ण गाडी पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्येच धावली. अशा ठिकाणी पैसा आला तर तो आधी दरडी आणि मोऱ्यांवर जावा. वाफेचं इंजिन नंतर.

आणि वाफ नसली तरी लोक येतात, हे इंदूरकरांना माहीत आहे. पातालपानी ते कालाकुंड ही मीटरगेजची हेरिटेज गाडी डिसेंबर २०१८ पासून डिझेल इंजिनावरच धावली, आणि धबधबे बघायला तिला गर्दी झाली. लोकांना घाट, बोगदे, खिडकीतून दिसणारी दरी हवी असते. काळा धूर दिसला तर अजून बरं, एवढंच.

ग्वाल्हेरचं काय?

सगळ्यात घाईचा प्रश्न ग्वाल्हेरचा आहे. माधवराव शिंदे महाराजांनी घातलेली ही दोन फुटी रेल्वे. याच महाराजांच्या जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगीनगाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरते, ती बघायला आजही लोक रांग लावतात. खेळण्यातली गाडी काचेआड जपलेली आहे. लोकांची गाडी, भिंड आणि शिवपुरीला १८९९ पासून गेलेली, पुढे सबळगड आणि श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पोचलेली, तिचे रूळ मात्र हळूहळू उचलले जाणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जौरा, कैलारस, सबळगडच्या लोकांना ब्रॉडगेज हवी होती आणि ती त्यांना मिळायलाच हवी. छतावर बसून दिवसभर प्रवास करणं हे फोटोत छान दिसतं. आजारी माणसाला ग्वाल्हेरला आणायचं असेल तर छान नसतं. हेरिटेजच्या नावाखाली कुणाची गाडी अडवू नये. पण ग्वाल्हेर शहराच्या आतून, घोसीपुरा आणि मोतीझीलमार्गे जाणारा जुना तुकडा मोठ्या लाइनला लागत नाही. शहरातली ही पट्टी जेवढी उरली असेल तेवढी, पाच-सात किलोमीटर का होईना, राखली तर तिच्यावर एक छोटं इंजिन दोन डबे घेऊन रविवारी फिरू शकतं. किल्ला आणि महाल बघायला आलेला माणूस दीड तास अजून थांबेल. पट्टीवर एकदा रस्ता किंवा दुकानं आली, की मग लिंटनसारखं ऐंशी वर्षांनी जमीन विकत घेत बसावं लागेल. म्हणून आज मागायचं असेल तर जमीन आणि रूळ मागा. इंजिन पाच वर्षांनी झालं तरी चालेल.

चालवणार कोण?

वाफेचं इंजिन चावी फिरवून सुरू होत नाही. गाडी दहाला सुटायची असेल तर पहाटे आग लागते, आणि हळूहळूच वाढवावी लागते, कारण थंड पोलाद घाईने तापवलं की सांधे सुटतात. फायरमनची नजर गेजच्या काचेवर असते. पाणी फायरबॉक्सच्या छतापेक्षा खाली गेलं तर ते छत लाल होऊन खचतं. तिथे शिशाचा एक प्लग बसवलेला असतो, पाणी कमी झालं की तो वितळतो आणि वाफ आगीवर येऊन इशारा मिळतो. पण प्लग वितळेपर्यंत वेळ येऊ दिली म्हणजे फायरमन चुकलाच. ठरावीक दिवस चालल्यावर बॉयलर थंड करून आतला गाळ धुऊन काढायचा. पाणी जड असेल तर अधिक वेळा, आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी कसं असतं ते सांगायला नको.

हे पुस्तक वाचून येत नाही. शकुंतलेचं १९२१ सालचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झालं. तेव्हा तिशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून गेला. त्याला शिकवणारे ड्रायव्हर आणि बॉयलर दुरुस्त करणारे जुने कारागीर बहुतेक राहिले नाहीत. ग्वाल्हेर, डभोई, कुर्डुवाडी, मूर्तिजापूर, नैनपूर अशा रेल्वेच्या गावांत अशी निवृत्त मंडळी अजून आहेत. कुठल्याही निधीची वाट न बघता, मोबाइलवर त्यांच्याकडून एकेक काम कसं करायचे ते बोलून घेता येईल. इंजेक्टर पाणी उचलेना तर काय करायचे, चढावर चाक घसरलं की वाळू कधी सोडायची, हे त्यांच्या हाताला माहीत आहे.

आणि तुमच्या गावात चौथऱ्यावर इंजिन असेल तर मंडल रेल्वे व्यवस्थापकांना पत्र लिहिताना 'पुन्हा सुरू करा' एवढंच लिहू नका. गेज कोणता, वर्ग आणि क्रमांक कोणता, बॉयलरची शेवटची परीक्षा कधी झाली, आणि या गेजचा रूळ जवळ कुठे शिल्लक आहे, हे विचारा. या चार प्रश्नांच्या उत्तरांतच ते इंजिन चालवायचं की जपायचं हे बहुतेक वेळा कळून जातं. छप्पर मागा. आणि ते मिळेपर्यंत, पुढच्या पावसाच्या आधी, चिमणीवर पत्र्याचं एक झाकण बसवून घ्या. गावातला कुठलाही पत्र्याचं काम करणारा ते अर्ध्या दिवसात करून देईल.